एक जूनची पोट्टी

आमच्या दिव्यानीबद्दल पेपरात चार ओळी आल्या होत्या. ‘राईस मिलमध्ये तरुणी जखमी.’ तरुणी म्हणे! अजी, जी अजून चिंच लपवून खाते, झोपताना माह्या पदराचं टोक मुठीत धरते, ती तरुणी? मले असा राग आला का तो पेपर मी चुलीत घातला. पण रागावू कोणावर? पेपरवाल्यानं जे कागदावर होतं तेच छापलं. कागदावर ते कोणामुळं आलं, हे सांगायलेच बसली आहे मी.

मी कांता. वडश्याहून आत, जंगलाले लागून आमचं गाव आहे. तिथल्या शाळेत मी खिचडी शिजवते. दिव्यानी माह्या बहिणीची पोरगी. बहीण घरीच बाळंत झाली अन् गाडी यायच्या आत गेली. कार्तिक महिना होता, धान कापून बांध्यांत पडलं होतं. सोमाजी भाऊजी, म्हणजे दिव्यानीचा बाप, मिरच्या तोडाले तेलंगणात जाये तो चार-चार महिने गावात नसे. माणूस भला, पण लेकरू कसं धरावं हे त्याले आजही कळत नाई. माह्या पोटी काही नाई. पोट्टी माह्याच मांडीवर वाढली.

भलती चलाख होती बापा! मी तांदूळ निवडत बसली का ती बाजूले बसून चौथीच्या पोट्ट्यांचे पाढे म्हणे. भिंतीआडून ऐकून ऐकून पाठ झालेले. गोपाल गुरुजी आतून ओरडत, “कांताबाई, तुमच्या पोरीले चूप करा, माझे पोट्टे तिचं ऐकून उत्तरं देतात!” मले त्याचा कोण गर्व. साऱ्या गावाले मी ते सांगत फिरे.

आता माह्या कर्माचं सांगते. शाळेत पंचवीस लेकरांपर्यंत खिचडीवाली एकच. सव्विसावं लेकरू आलं का दुसरी बाई ठेवतात. ती दुसरी बाई मी होती. त्या साली उन्हाळ्यात दोन घरं गाव सोडून गेली, अन् जूनमंदी गुरुजीनं पट मोजला तर पंचवीसच. गुरुजी म्हणाले, “बाई, वाईट वाटते, पण तुमचं काम जाते.”

मी म्हणली, “आमची दिव्यानी आहे ना.”

“सहा पूर्ण झाली का?”

पोट्टी साडेचार वर्षाची होती. नाकातला शेंबूड तिले पुसता येत नव्हता. मी म्हणली, “हव.”

गुरुजी काही भैताड नव्हते. पोट्टी समोरच उभी होती, दप्तर तिच्या पोटऱ्यांले लागून राह्यलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, अन् रजिस्टर ओढलं. जन्मतारीख एक जून. आमच्या गावात ज्याची तारीख ठाऊक नाई त्याची एक जूनच. अर्धं गाव एक जूनले जन्मलं आहे. आता मोबाईल आल्यापासून तर त्या दिवशी एकमेकांले शुभेच्छा देता देता पोट्ट्यांचे अंगठे दुखतात.

मले वाटलं, यात कोणाचं काय बिघडलं? उलट पोट्टीचं एक-दीड वर्ष वाचलं. वर्गात ती सगळ्यांत बुटकी, प्रार्थनेले कायम रांगेत पुढं. बाया म्हणत, “कांता, हिची वाढ काऊन नाई होत?” मी हसण्यावारी नेई. ती मात्र कुठं अडली नाई. दहावी झाली, मंग वडश्याच्या कॉलेजात सायन्स. सकाळची एसटी चुकली का कोणाच्याही मोटारसायकलले हात दाखवून जाये, पण तास बुडवत नव्हती. बारावीनंतर ब्रह्मपुरीले खोली करून बी.एस्सी. करायचं, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं. खोलीचं भाडं आपल्या कमाईचं राहीन म्हणे. कोणाले मागायचं नाई.

मागच्या उन्हाळ्यात ती खुशबूसंग, म्हणजे शेजारच्या मोठ्या पोरीसंग, राईस मिलमंदी काम मागायले गेली. फाटकावर बोर्डच आहे, अठरा वर्षांखालील व्यक्तींना कामावर घेतले जाणार नाही. शेठनं खुशबूले ठेवून घेतलं, पण हिचं आधार कार्ड पाह्यलं अन् वापस धाडलं. “अठरा पूर्ण कर पोरी, मंग ये. कायदा आहे.” पोट्टी घरी येऊन धुसफुसली, “त्याले काय होते वं? काम तर झाडायचंच आहे!” मी शेठची तारीफ केली. नेकीचा माणूस दिसते म्हणली. पाहा कशी अक्कल माह्यी.

औंदा बारावी झाली अन् एक जून आला. मी पुरणपोळी केली. अठरा झाली म्हणून सोमाजी भाऊजीनं तिले नवी ओढणी आणली, पिवळी. आदल्याच महिन्यात बाजूच्या गावच्या एका बाईले तेंदूपत्ता तोडताना वाघानं नेलं होतं. जंगलात पाय ठेवायची सोय नव्हती. मीच म्हणली, मिलले छप्पर आहे, लोखंडी फाटक आहे, तिथी वाघ येत नाई. दोन तारखेले डबा मी भरून देल्ला. भाजी जास्त घातली, खुशबूलेही पुरावी म्हणून.

मिलमंदी काय चालते हे मले मंग खुशबूनं सांगतलं. मशीनच्या फिरत्या पट्ट्याखाली कोंडा सांडते, तो पोरींनी झाडून पोत्यात भरायचा. मशीन बंद करून झाडायले कोणी सांगत नाई, कारण एकदा बंद केली का पुन्हा चालू करायले अर्धा तास जाते. कोणाचा हात आत जाऊ नये म्हणून पट्ट्याले लोखंडी जाळी होती. झाडू आत जात नाई म्हणून ती काढून भिंतीले उभी करून ठेवली होती. किती दिवसांची? खुशबू म्हणे, “मी लागली तवापासून तिथीच आहे मावशी. आम्ही तिले डबे अडकवतो.”

नऊ तारखेले दुपारी दिव्यानी वाकून झाडून राह्यली होती. ओढणी कमरेले बांधली होती, गाठ सुटली. टोक पट्ट्यात गेलं. तिनं ते सोडवायले उजवा हात घातला. नवी ओढणी होती ना, फाटू नये वाटलं असंन तिले. मशीन बंद करायचं बटन पार पलीकडच्या खोलीत. खुशबू धावली, पण पोहोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं.

नागपूरले हात कोपराच्या वर कापला. शुद्धीवर आल्यावर ती मले म्हणाली, “मावशी, माह्यी बोटं दाब ना, बम दुखून राह्यली.” कोणती बोटं दाबू वं मी? मी चादर दाबत बसली.

पाचव्या दिवशी कामगार खात्याच्या मॅडम गावात आल्या. ग्रामपंचायतीत जबाब झाला. सोमाजी भाऊजीनं आधार कार्ड पुढं केलं. मॅडमनं तारीख पाह्यली, पेन खाली ठेवला. “अठरा वर्षं आणि आठ दिवस,” म्हणाल्या. “आठ दिवस आधी झालं असतं तर गोष्ट वेगळी होती. अठराच्या आतल्या मुलांना अशा मशीनवर ठेवताच येत नाही. जाळी काढली त्याची कारवाई होईलच. पण ते लोक म्हणतील, सज्ञान मुलगी होती, स्वतःच हात घातला.”

सोमाजी भाऊजी मान हलवत राह्यला. मी मागं भिंतीले टेकून उभी होती. माह्या तोंडात शब्द येऊन बसला होता, अन् मी तो गिळला. माह्यी खिचडी जाईन, गोपाल गुरुजीची पेन्शन अडकीन, गाव काय म्हणीन. खोटं कशाले बोलू, गुरुजीची काळजी मंग आठवली, आधी माह्यीच आठवली. घरी आली अन् बाजेवर पडून डोकशात मारून घेतलं. पण बोलली नाई.

महिन्यानं दिव्यानी घरी आली. डाव्या हातानं अ आ ई काढायले लागली. ओळ तिरपी गेली का वही फेके, मंग आपणच उचलून आणे. केस मले विंचरू देई, पण वेणी घालताना भिंतीकडे तोंड करी. एक दिवस म्हणाली, “ब्रह्मपुरीले प्रॅक्टिकल राहते मावशी. एका हातानं परीक्षानळी कशी धरू?” मले काय ठाऊक परीक्षानळी कशी धरतात. मी म्हणली, होईन काही तरी. तिनं माह्याकडे असं पाह्यलं का मले तिथून उठावं लागलं.

श्रावणात मॅडम पुन्हा आल्या, यावेळी घरीच, दिव्यानीचा जबाब घ्यायले. त्यांच्याजवळ मिलवाल्याचं पत्र होतं. त्यांनी वाचून दाखवलं. कामगार सज्ञान व सुशिक्षित असून वारंवार सूचना देऊनही तिने निष्काळजीपणा केला. दिव्यानी मान खाली घालून ऐकत होती. मंग हळूच म्हणाली, “हव मॅडम, चूक माझीच आहे. लिहा तसंच.”

ते मात्र मले सहन झालं नाई. “काऊन लिहा?” मी असी ओरडली का कोंबड्या उडाल्या. “काऊन तिची चूक? ती अठराची नाईच! पटासाठी मी तिचं वय वाढवलं. माह्यं काम टिकावं म्हणून खोटं बोलली मी गुरुजीजवळ. कार्तिकात जन्मली ती, अन् दाखल्यावर आहे त्याच्या पुढच्या साली!”

सोमाजी भाऊजीनं आधार कार्ड पुन्हा उलटून पाह्यलं. मॅडम म्हणाल्या, “तोंडी चालणार नाही. पुरावा आहे का काही?”

पुरावा होता. तो कुठं आहे हेही मले पहिल्यापासून ठाऊक होतं. अंगणवाडीच्या सुगंधाबाई लेकरांचं वजन लिहीत. कोणतं लेकरू कोणत्या दिवशी झालं, हे त्या घरोघर फिरून वहीत उतरवत. जुन्या वह्या त्यांनी पेटीत जपून ठेवल्या होत्या. मी पळत गेली, घेऊन आली. बहिणीचं नाव, पोरीचं वजन, अन् बारा नोव्हेंबर, सालासकट.

मॅडमनं बोटांवर मोजलं. “अपघाताच्या दिवशी सोळा वर्षं, सात महिने पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी,” त्या म्हणाल्या. “वही मी ताब्यात घेते. तुमचाही जबाब लागेल बाई, तुम्हालाही त्रास होईल.” मी म्हणली, होऊ द्या. खरं सांगते, त्या घडीले मले बरं वाटलं. उरावरचा धोंडा उतरला, आता माह्या पोट्टीले न्याय भेटीन, असंच वाटलं.

मॅडमची गाडी गेली. दिव्यानी बाजेवरून हलली नव्हती.

“मावशी, मागच्या साली शेठनं मले वापस धाडलं, तवा तुले ठाऊक होतं?”

“हव.”

“अन् एक जूनले? पुरणपोळी केली तवा?”

इतकी वर्षं दाखल्यावरचं वय सांगत आली का मलेच ते खरं वाटे, असं काही तरी मले म्हणायचं होतं. पण तिच्यासमोर ते तोंडातून निघेना. “हव,” म्हणली मी.

तिनं मले शिव्या देल्ल्या असत्या तर बरं झालं असतं. ती रडलीही नाई. उजव्या खांद्यावरून घसरलेली बाही तिनं डाव्या हातानं वर ओढली.

“मले सांगाचं होतं ना वं,” ती म्हणाली. “मी गेली नसती. थांबली असती दीड वर्ष. तू सांगतलं असतं तर मी ऐकलं असतं तुह्यं.”

ऐकलं असतं तिनं. त्या पोट्टीनं आजवर माह्यं एकही बोलणं मोडलं नाई.