हिरव्या पाटीचं सँडविच

अंकल गेले तो मंगळवार होता. आंटींचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या लायब्ररीत पुस्तकांना लेबलं लावत होतो. हातातलं पुस्तक खाली ठेवलं आणि शारजातल्या अल नहदाला घरी आलो.

वसईचे हे अंकल आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहत. एका हॉटेलच्या कोल्ड किचनमध्ये त्यांनी तीस वर्षं सँडविचं भरली. रिटायर होऊन मुलाच्या व्हिसावर आल्यावर, शारजातलं सर्वांत चांगलं सँडविच कुठलं हे ठरवायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. यादी फ्रिजवर लावलेली असे, देशवार. गाडी माझी, जीभ त्यांची. मला ते 'लायब्ररी' म्हणत.

"लायब्ररी, यल्ला, चल. आज इजिप्त करायचंय."

गाडीतून उतरायचं नाही, हा त्यांचा नियम. इथे कॅफेटेरियासमोर गाडी लावून हॉर्न दिला की आतला माणूस बाहेर येतो, ऑर्डर घेतो आणि सँडविच गाडीतच आणून देतो. "जे सँडविच गाडीपर्यंत धड येत नाही, ते पोटात जाऊन काय करणार?" असं अंकल म्हणत. आंटींच्या मते खरं कारण गुडघा होतं.

यादीत पहिला नंबर आठ वर्षं हलला नव्हता. रोल्लातलं हिरव्या पाटीचं मलबारी कॅफेटेरिया. तिथलं समून, म्हणजे लांबट पाव, त्यात मोर्तदेला या जाड सॉसेजचे थंड पातळ काप, खारवलेली काकडी आणि वरून चुरलेले बटाट्याचे चिप्स. चर्चमध्ये नवीन कुणी भेटलं की अंकल आधी हिरव्या पाटीचा पत्ता देत, मग नाव विचारत. लोक जात आणि परत येऊन सांगत, "अंकल, काही खास नव्हतं हो." अंकलना त्यांची कीव येई. "तुम्हाला नुसतं तोंड आहे. जीभ नाही."

हिरव्या पाटीला लागूनच लाल पाटीचं कॅफेटेरिया होतं. तिथे त्यांनी कधी खाल्लं नव्हतं. "ते बघूनच कळतं," ते म्हणत.

या वर्षी ते पंधरा दिवस हॉस्पिटलात होते. घरी आल्यावर त्यांनी मोर्तदेला मागितलं. आंटींनी अर्ध्याला परवानगी दिली. मी एकटाच गेलो. एकट्याने हॉर्न द्यायला मला संकोच वाटतो, म्हणून उतरलो आणि हिरव्या पाटीच्या दारातून आत जाऊन पार्सल घेतलं.

अंकलनी एक घास खाल्ला आणि हळूहळू चावला. मग सँडविच कागदात परत गुंडाळून ठेवलं.

"लायब्ररी, जीभ गेली रे माझी. खलास."

"औषधांमुळे असेल, अंकल."

दोन दिवस त्यांनी यादीकडे पाहिलं नाही, आणि आंटींच्या सारात मीठ कमी आहे असंही म्हणाले नाहीत. त्यामुळे आंटी घाबरल्या.

तिसऱ्या दिवशी मी पुन्हा रोल्लाला गेलो. या वेळी नेहमीच्या जागी, हिरव्या पाटीसमोर, गाडी लावली आणि हॉर्न दिला. नेहमीचा माणूस आला. लाल पाटीच्या दारातून.

हिरव्या पाटीचा माणूस दारात खुर्ची टाकून बसला होता. त्याने मान वर केली नाही. हॉर्नला तो उठतच नसावा.

मी सँडविच आणून दिलं आणि काय झालं ते सांगितलं: आठ वर्षं आपण लाल पाटीचंच खात होतो. अंकलनी घास घेतला. त्यांचे डोळे भरून आले, पण चावणं थांबलं नाही.

"जीभ आहे," ते म्हणाले. दुसरा घास घेऊन म्हणाले, "म्हणजे यादी गेली."

"आणि चर्चमधली माणसं?"

"त्यांना जीभ होती रे," अंकल म्हणाले. "चल, लाल पाटीला सॉरी बोलायला हवं."

त्या संध्याकाळी अंकल पहिल्यांदा गाडीतून उतरले. माझ्या खांद्यावर भार देत, गुडघ्याला शिव्या घालत लाल पाटीच्या काउंटरपर्यंत गेले.

"सॉरी बोलने आया हूँ."

काउंटरवरचा माणूस गडबडला. "क्या हुआ अंकल? पार्सल में कुछ कम था?"

"नहीं. आठ साल से सब बराबर था."

"तो सॉरी क्यों?"

अंकलनी काउंटरवर कोपर टेकलं. "लंबी स्टोरी है. एक मोर्तदेला दो."

त्यानंतर महिन्याभराने तो मंगळवार आला.

फ्रिजवरची यादी आंटींनी मला दिली. पहिल्या नंबरावरचं 'हिरवी' खोडून अंकलनी वर 'लाल' लिहिलंय. मी आता हॉर्न देत नाही. गाडी लावतो, उतरतो आणि लाल पाटीच्या दारातून आत जातो.