सगयं घेतलं का?

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर विश्वास कधी ठेवला नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यातही कॉम्प्युटर सायन्सला. गावात कोणाला काही दिसलं की वडील म्हणतात, ऊन लागलं असेल. माझंही मत तेच होतं... म्हणून हे लिहिताना संकोच वाटतो.

मी शिरपूरजवळच्या खेड्यातली. धुळ्यात देवपूरला भाड्याच्या खोलीत राहते. माझी रूममेट हर्षा जळगावजवळच्या असोद्याची. दोघींची बोली वेगळी. 'सगळं'ला मी 'बठ्ठं' म्हणायचे, ती 'सगयं'. तिच्याकडे ळ चा य होतो – शाळेची शाया, केळीची केयी. वर्गातल्या मुली आम्हाला हसायच्या आणि खोलीत आम्ही एकमेकींना. शनिवारी गावी निघताना ती दारात विचारायची, "सगयं घेतलं का?" मी म्हणायचे, "बठ्ठं लिधं, माय."

तिच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून तिनेच लिनक्स टाकलं होतं. त्यात पॅकेजेस, म्हणजे आतली सगळी सॉफ्टवेअर, अपडेट करणारा जो प्रोग्राम असतो, त्याचे मराठी संदेश तिने इंटरनेटवरच्या काही स्वयंसेवकांबरोबर लिहिले होते. अपडेट सुरू होण्याआधी तो विचारतो – "पुढे जायचे का? [हो/ना]". हे वाक्य तिचं. बोलताना कसंही बोलली तरी लिहिताना तिचा एकही ळ चुकत नसे.

दिवाळीच्या सुट्टीत साध्या तापाचं निमित्त झालं आणि हर्षा गेली. लॅपटॉप खोलीवरच राहिला, मी वापरत राहिले. वर्गात कोणाशी फारसं बोलणं नव्हतंच, आता खोलीतही नव्हतं. कधी कधी अख्ख्या दिवसात मी मेसच्या काकूंना "बस, पुरे" एवढंच बोललेली असायचे. शेवटी कॉलेज सोडायचं ठरवलं. घरी कळवलं, बॅग भरली. हर्षाच्या वडिलांना, आबांना, फोन केला की लॅपटॉप घेऊन जा.

ते दुपारी आले. देताना सगळं नीट असावं म्हणून मी शेवटचं अपडेट लावलं. आबा कॉटच्या कडेला बसून चहा पीत होते. पॅकेजेसची नावं भराभर सरकली आणि खाली प्रश्न आला. मी न वाचताच 'हो' देणार होते... तेवढ्यात आबांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं,

"सगयं घेतलं का?"

मी पाहिलं. तेच होतं. य सकट. पुढे नेहमीसारखं [हो/ना].

"आमच्या हर्षीनंच लिव्हलं ना हे?" त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नव्हतं. मग त्यांचं लक्ष बॅगेकडे गेलं. कुठे निघालीस, म्हणाले. मी सांगितलं, घरी... कायमची.

आबांनी कप खाली ठेवला. परत स्क्रीनकडे बघून म्हणाले, "तिले ना म्हण."

मी 'ना' दिलं. अपडेट रद्द झालं. उठताना त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "राहू दे मंग तुह्याजवय." आणि रिकाम्या हाताने बस पकडायला गेले.

फोटो काढायचं सुचलंच नाही. नंतर मी त्या प्रोग्रामचा सोर्स कोड इंटरनेटवरून उतरवला, जुन्या आवृत्त्यांसकट. 'सगयं' शोधलं – कुठेच नाही. हर्षाने केलेले बदल एकेक उघडून पाहिले. सगळीकडे शुद्ध मराठी. लॅबमधल्या एका सिनियरने लॅपटॉपवरच्या फाइल्स मूळ पॅकेजशी ताडून पाहिल्या, अक्षराचाही फरक नव्हता. तो म्हणाला, तुला भास झाला असेल. हर्षाने गमतीत काही करून ठेवलं असतं, तर ती गेल्यावर मी इतक्या वेळा अपडेट केलं, तेव्हा दिसलं नसतं का? आणि मीच चुकून लिहिलं म्हणावं तर माझ्या हातून 'बठ्ठं' आलं असतं.

मी गेले नाही. आता शेवटच्या वर्षाला आहे. अजूनही एकटीच राहते. आबांचा मधूनच फोन येतो. "इचारते का अजून?" असं हळूच विचारतात. मी खरं तेच सांगते, की नाही आबा, परत नाही आलं. मग ते परीक्षेचं विचारतात.

ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. भास म्हणावा तर... मी वाचण्याआधी ते आबांनी वाचलं होतं.