नलूचा गेलेला हशा

नलू गेल्याचा फोन आला तेव्हा आमचे हे बाजारात भाजी घेत होते. ती अतिदक्षता विभागात होती, तिथे आम्हाला थांबू देत नव्हते, म्हणून सकाळी स्वयंपाक उरकून जायचं ठरलं होतं. यांनी फोन ऐकला, खिशात ठेवला, मेथीची जुडी आणि कोथिंबीर घेतली, रिक्षा करून घरी आले आणि म्हणाले, "नलू गेली." लगेच त्याच आवाजात, "मेथी कोवळी आहे, आजच निवड." क्षणभर माझं डोकंच फिरलं. सख्खी धाकटी बहीण गेली आणि या माणसाला मेथी सुचते... मग त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. पिशवीचे बंद त्यांनी अजून सोडलेच नव्हते. मीच ते बोटांतून सोडवून घेतले.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. ज्येष्ठ सहायक अभिनेत्री नलिनी यांचं निधन वगैरे. सोबत एका नाटकातला फोटो होता, त्यात नायिका पूर्ण, नायक पूर्ण आणि नायकाच्या खांद्यामागून आमची नलू अर्धी. एक डोळा, अर्धं कुंकू आणि हातातला झाडू. मला रडता रडता हसू फुटलं. तिनं पाहिला असता तर म्हणाली असती, वहिनी, अर्धी तरी आले की गं, झाडू तर पूर्ण आलाय. आयुष्यभर ती अशीच दिसली, कुणाच्या तरी खांद्यामागून. तुम्ही तिला नावानं ओळखणार नाही. पण मालिकेत चहाचा ट्रे घेऊन येणारी, एकच वाक्य बोलणारी आणि ते बोलून निघून गेल्यावर पुढचं मिनिटभर हशात नायिकेचं रडणं कुणाला ऐकू येऊ न देणारी ती बाई तुम्ही पाहिली असेल. ती माझी नणंद.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन बदलापूर गावात आले तेव्हा सासूबाई काय बोलतात ते मला पहिला महिनाभर कळलंच नाही. त्या 'ळ'चा 'ल' करायच्या, 'ड'चा 'र' करायच्या, आणि मी पडले शाळामास्तरीण, तोंडातल्या तोंडात त्यांचे शब्द दुरुस्त करायची. सासूबाईंना घरात 'आय' म्हणत. आय शेतातली भाजी पाटीत भरून उल्हासनगरच्या कॅम्पात दारोदार विकायच्या. सिंधी बायकांशी बोलून बोलून त्यांच्या तोंडात 'साईं' बसला होता, तो त्या घरी कोंबडीलाही म्हणायच्या. एखादी गिऱ्हाईक काकडी उलटीपालटी करत बसली की आय म्हणायच्या, "काकरी डोल्यांनी नको बघूस साईं, दातांनी बघ." आणि पाटीतलीच एक मोडून तिच्या हातात द्यायच्या. गिऱ्हाईक हसायचं आणि दोन किलो घ्यायचं. हे मला ह्यांनी सांगितलं. लहानपणी आयबरोबर कॅम्पात जायचे ते हेच. नलू शेंडेफळ, ती शाळेत.

नलूला नाटकाचा नाद लागला अंबरनाथला, कारखान्यातल्या कामगारांच्या मंडळात. पहिलं काम मोलकरणीचं, तीन वाक्यांचं. आय जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तालमीला ती मला घेऊन बसायची. मी वाल सोलत नायकाची वाक्यं वाचायची, आणि मास्तरकी अशी की कंसातलं 'खोकतो', 'दाराकडे जातो' हेही मोठ्यानं वाचायची. नलू पोट धरून हसायची. पण स्वतः काय करणार आहे ते तिनं मला दाखवलं नाही. दिग्दर्शकाला सांगून मोलकरणीची भाजीवाली करून घेतली होती, एवढंच कळलं.

प्रयोगाला अख्खा गाव आला होता. नलू आली ती गुडघ्यापर्यंत लुगडं नेसून, डोक्यावर पाटी, एक हात कमरेवर, पावलं बाहेर टाकत. आयच चालत आल्या होत्या. 'साईं' म्हणाली, काकडीचं वाक्य म्हणाली, लोक हसत खुर्च्यांवरून उठायला लागले. मग पाटी उतरवताना तिनं गुडघा टेकला, कण्हली आणि तोल जाऊन धपकन बसली. काकड्या चहूकडे. त्या हशानं छप्पर उडेल असं वाटलं. मी हसत हसत शेजारी पाहिलं, तर ह्यांची खुर्ची रिकामी.

घरी आल्यावर भांडण नाही, आदळआपट नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. नलू विचारत राहिली, दादा, उठून का गेलास? हे एवढंच म्हणाले की मला बघवत नाही, परत मला बोलावू नकोस. नलू तिथेच रडवेली झाली. "दादा, लोक आयला हसत नाहीत रे," ती म्हणाली. "आय त्यांना हसवते." ह्यांनी ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागले.

तेव्हापासून तीस-बत्तीस वर्षं हा माणूस नाटकाला गेला नाही. आणि गंमत ऐका... अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, जवळपास कुठेही नलूचा प्रयोग असला की तिला स्कूटरवरून पोचवायचे हेच. पोचवायचे आणि बाहेर स्कूटरवर शेंगदाणे खात बसायचे. प्रयोग संपला की घेऊन यायचे. आतून हशा ऐकू यायचा तो बाहेर बसून ऐकायचे. मी कितीदा म्हटलं असेल, अहो, बाहेर बसून शेंगदाणेच खायचे तर आत बसून खा. छे. मी चिडून एकदा स्कूटरची किल्ली लपवली, तर भावाबहिणींनी मिळून मलाच झापलं.

नलूचं मात्र बरं चाललं. आधी नाटकं, मग मालिका. शेजारीण, मामी, मोलकरीण, नर्स, पुन्हा मोलकरीण. तिला कुणी मुलाखतीत विचारलं की मोठी भूमिका मिळाली नाही याची खंत वाटते का, की ती म्हणायची, नायिकेला तीन अंक रडावं लागतं हो, मी दोनदा येते, लोकांना हसवते आणि जेवायला घरी. हे ती मनापासून म्हणायची. तिचे यजमान साधे, कौतुक करणारे होते, अंबरनाथ पश्चिमेला दोन खोल्या होत्या, मूलबाळ नव्हतं त्याचंही तिनं कधी भांडवल केलं नाही. रस्त्यात लोक थांबवायचे. चेहरा ओळखीचा, पण कुठला ते आठवायचं नाही. एका बाईंनी तर भर बाजारात तिचे हात धरले. म्हणे, माझ्या पहिल्या बाळंतपणाला तुम्हीच नर्स होतात ना? नलूनं एका मालिकेत नर्स केली होती, तेवढाच काय तो संबंध. ती म्हणाली, हो हो, कसं आहे बाळ? बाळ इंजिनिअर झालं होतं. पंधरा मिनिटं गप्पा मारून, बाळाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन ती घरी आली. आणि लग्नाला गेली सुद्धा, आहेर घेऊन.

पण प्रत्येक नव्या नाटकाच्या आधी ती ह्यांना एकदा विचारायचीच. दादा, येतोस? हे म्हणायचे, बाहेर आहे ना मी. ती हसून सोडून द्यायची, पण मला कळायचं. भाजीवालीचा तो प्रवेश तर तिची खूणच झाला होता, गणपतीत, महिला मंडळांत लोक मागून घ्यायचे. सगळ्या जगानं आयला दाद दिली आणि आयच्या मुलानंच दिली नाही, हे तिला आतून कुरतडत असलं पाहिजे. एकदा अगदी सहज, भांडी पुसताना मला म्हणाली, वहिनी, दादाला वाटतं मी आयला विकते. मी म्हटलं, तू भांडी नीट पूस. आता वाटतं, तेव्हा जवळ घ्यायला हवं होतं.

यजमान गेले, मग तिची तब्येत बिघडली, तशी आम्ही तिला बदलापुरातच खरवईला आमच्याकडे घेऊन आलो. हृदय थकलं होतं, पायांवर सूज. तशातही आमच्या सोसायटीजवळच्या महिला मंडळानं कार्यक्रमासाठी भाजीवाली मागितली आणि ही हो म्हणून बसली. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटंच. दुपारी ती हॉलमध्ये धुण्याची बादली डोक्यावर घेऊन तालीम करत होती, हे खिडकीशी पेपर वाचत होते. तिनं गुडघा टेकला, कण्हली आणि बसायला गेली, तर पेपरामागून आवाज आला.

"आय कधी पडली नाही."

नलू बादली धरून तशीच राहिली. ह्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. म्हणाले, आयचा डावा गुडघा दुखायचा, म्हणून ती आधी उजवा टेकायची. तू डावा टेकतेस, म्हणून पडतेस. कॅम्पात तीन-तीन मजले चढून दारात पाटी उतरवायची, पण एक काकडी हलायची नाही. बाकी सगळं खरं करतेस तू, चालणं, बोलणं, सगळं. फक्त ते पडणं खोटं आहे. माझी आई कुणाच्या दारात पडली नाही.

तीस वर्षं स्कूटरवर बसून राहिला होता तो माणूस, एवढ्यासाठी. नलूनं बादली खाली ठेवली. मला वाटलं, आता रडते. ती म्हणाली, "दादा, ती घरी यायची ना, तेव्हा पडायचीच. पडवीत पाटी टाकायची आणि धपकन बसायची. मी रोज बघायचे. तू तोवर पाटी सोडून खेळायला पळालेला असायचास."

एकाच आईचा दारातला अर्धा भाग ह्यांच्याकडे होता आणि घरातला अर्धा तिच्याकडे, आणि इतकी वर्षं दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला ठाऊकच असेल. मग सत्तरीला आलेला माझा नवरा उठला, टॉवेलची चुंबळ केली, बादली डोक्यावर घेतली आणि उजवा गुडघा टेकून, पाठ ताठ ठेवून, हळूच खाली ठेवून दाखवली. "दातांनी बघ साईं," हे त्यांच्याच तोंडून आलं. नलू इतकी हसली की मी घाबरून तिची गोळी शोधायला धावले. संध्याकाळपर्यंत दोघं बादली घेऊन बसली होती. फरशी पुसायला मला त्या दिवशी बादली मिळाली नाही.

कार्यक्रमाला हे आत आले. पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून. मी शेजारी बसून मोबाइलवर चित्रीकरण करत होते आणि हात हलू नये म्हणून श्वाससुद्धा बेतानं घेत होते. नलू आली, चालली, हशा. काकडीचं वाक्य, टाळ्या. मग पाटी. तिनं उजवा गुडघा टेकला आणि पाठ ताठ ठेवून पाटी अलगद उतरवली... आणि हॉल गप्प. तीस वर्षं जिथे हमखास हशा यायचा, तिथे काही नाही. लोक ती पडण्याची वाट बघत होते आणि ती पडली नाही. मी मोबाइल आणखी घट्ट धरला. पुढच्या वाक्याला लोक पुन्हा हसले, प्रवेश छान संपला, पण माझं लक्ष त्या गप्प जागेतच अडकून राहिलं.

रिक्षातून येताना नलू ह्यांना म्हणाली, "दादा, तुझ्या आयनं माझा चांगला हशा घालवला." हे म्हणाले, "पण काकडी पडली नाही एक." ती घर येईपर्यंत हसत होती. मला वाटलं, भावाचं मन राखतेय. माझी नणंद मोठ्या मनाची, हे मला नवीन नव्हतं. त्यानंतर अडीच महिन्यांनी ती गेली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा हे म्हणाले, ते मोबाइलमधलं लाव जरा. मीही ते तोवर पाहिलं नव्हतं. आम्ही दोघं सोफ्यावर चिकटून बसलो. नलू आली, चालली, पाटी उतरवली, हॉल गप्प झाला. आणि त्या शांततेत अगदी मोबाइलजवळ कुणीतरी एकटं हसलं. मोठ्यानं नाही, नाकातून, हं हं हं असं, थांबवता न आल्यासारखं. त्या दिवशी घाबरलेल्या मला ते ऐकूच आलं नव्हतं. हे हसत होते. लहान मुलाला बाजारात अचानक आई दिसावी तसे.

पण मी बघत होते नलूकडे. हशा आला की नट थांबतो, तो ओसरायला लागला की मगच पुढचं वाक्य टाकतो, हे तिनंच मला शिकवलेलं. भरलेल्या थिएटरसाठी ती थांबायची. मोबाइलच्या पडद्यावर ती पाटीजवळ बसली आहे, सगळा हॉल गप्प आहे, तिचं पुढचं वाक्य तयार आहे आणि ती थांबली आहे. पदर सारखा करते, एक काकडी उचलून पुसते, खाली ठेवते. पहिल्या रांगेतला तो एक माणूस हसून होईपर्यंत ती पुढे जात नाही. त्याचं हसू ओसरतं, मग ती बोलते.

हे आता रोज सकाळी चहा झाला की मोबाइल माझ्यापुढे धरतात. स्वतःला लावता येत नाही असं नाही. मी लावून देते. त्या जागेशी आलं की हे पुन्हा हसतात आणि नलू पुन्हा थांबते.