चौसष्ट किलोमीटरचं माहेर

आमच्या टेमघरच्या घराला लूमच्या आवाजाची इतकी सवय आहे की तो थांबला की मला जाग येते. शुक्रवारी कारखाने बंद असतात. पहाटे पाचलाच मी उठून बसतो, पाणी भरतो, गच्चीवर जातो, खाली येतो. बायको म्हणायची, "अहो, एका जागी बसा की. घरात पिंजऱ्यातल्या वाघासारखं काय फिरता?" पन्नाशी जवळ आली तेव्हा या फिरण्याचं काहीतरी करावं म्हणून मी सायकल घेतली.

आधी अंजूरच्या बाजूला खाडीकडे जायचो. पण दापोड्याच्या गोदामांतून निघणारे कंटेनर पाठीशी लागले की रस्त्यावर सायकलला जागा उरत नाही. मग उलट्या दिशेला वळलो. पडघ्याच्या अलीकडे भातसाच्या कालव्याची वाट लागते. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला भातशेती, मध्ये मुरमाची वाट. ट्रक नाही, हॉर्न नाही. तिथून वासिंद, शहापूर आणि पुढे टेपाडांमधून किन्हवलीकडे. समोर सह्याद्री शुक्रवारागणिक थोडा थोडा जवळ येत गेला. वर्षभरात मी ती सगळी वाट तुकड्यातुकड्यांनी मोजली.

मोजली म्हणजे खरोखर मोजली. मी एका लूमच्या कारखान्यात मेहता, म्हणजे हिशेबनीस आहे. किती ताके, म्हणजे कापडाचे तागे उतरले, कोणता ताका किती मीटरचा, हे लिहिणं माझं काम. सायकलला मी छोटा मीटर बसवला. त्याला चाकाचा घेर सांगावा लागतो, मग तो फेरे मोजून अंतर दाखवतो. घेराचा आकडा कंपनीच्या तक्त्यात असतो, पण दुसऱ्याच्या तक्त्यावर मी कसा विश्वास ठेवणार? कारखान्यातून पॉलिस्टर सुताचं उरलेलं रीळ आणलं, चाकाला सूत गुंडाळलं, जराही ढिलं राहू नये म्हणून जोर लावून ताणलं आणि पेनाने खूण केली. टोक बायकोने धरलं होतं.

"किती ताणता? बोट कापेल माझं."

"ढिलं राहिलं तर माप खोटं येतं," मी म्हणालो.

मग सूत फरशीवर पट्टीशेजारी ठेवलं. दोनशे पाच सेंटिमीटर. मीटरला तोच आकडा दिला.

बायको सायकल शिकली ती माझ्यानंतर चार महिन्यांनी, सेहेचाळिसाव्या वर्षी, शेजारच्या बंद कारखान्याच्या आवारात. दोनदा पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा उठून म्हणाली, "मी या सायकलवर माहेरी जाणार."

तिचं माहेर किन्हवलीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. भाऊबिजेला तिचा मोठा भाऊ तिला न्यायला येतो. त्याला मुराळी म्हणतात. लग्न झालेली बहीण सासरहून एकटी येत नाही, तिला न्यायला भाऊच यावा लागतो, अशी त्यांच्याकडची रीत. पूर्वी बैलगाडी होती, आता पिकअप आहे. सत्तावीस वर्षांत तिने एकदाही स्वतःहून ते दार गाठलेलं नाही. ती नवरात्रात फोनवर म्हणाली, "दादा, यंदा मुराळी नको. मी माझी येते. सायकलवर."

पलीकडे इतकं हसणं झालं की मला बाजूला बसून ऐकू आलं. मग तिचा भाऊ म्हणाला, "बरा बाय. एक वाजेपर्यंत वाट बघतो. एकाला तू दारात न्हाय दिसलीस तर मी गाडी काढतो. रस्त्यात जिथं असशील तिथून उचलून आणतो, सायकलीसकट."

"उचलून आणायला मी काय भाताचा भारा हाय?" ती म्हणाली. माहेरच्या माणसांशी बोलताना तिचा 'आहे' जातो.

फोन ठेवला आणि मला विचारलं, "एकाच्या आत होईल?"

मी हिशेब मांडला. वाट चौसष्ट किलोमीटर. तिच्या सायकलला मीटर नाही, तेव्हा तिचा वेग मी हायवेचे दगड आणि घड्याळ यांवरून काढला होता: तासाला दहा. म्हणजे सहा तास चोवीस मिनिटं. पंधरा पंधरा मिनिटांच्या तीन विश्रांत्या. पहाटे साडेपाचला निघालो तर बारा एकोणचाळीसला दारात. एकवीस मिनिटं हाताशी. टप्प्यांच्या चिठ्ठ्या करून तिच्या हँडलला चिकटवल्या: कालवा १५, वासिंद ३१, शहापूर ४१, घर ६४. मुलगी म्हणाली, "बाबा, फोनमध्ये अॅप असतं." मी म्हटलं, तुझ्या अॅपला कालव्याची वाट दिसत नाही. ते खरंच होतं.

भाऊबिजेच्या दिवशी साडेपाचला निघालो. अंधारात पडघ्याकडे जाताना ती पुढे, मी मागे. कालव्याला लागलो तेव्हा सात वाजून सहा मिनिटं. सातला पोचायला हवं होतं.

"सहा मिनिटं मागे आहोत," मी म्हणालो.

कालव्यात अजून पाणी सोडलेलं नव्हतं, तळाला शेवाळ आणि कुठे कुठे डबकी. दोन्ही काठांवर दव पडलेलं, भाताची कापणी चाललेली. एक बाई भारा डोक्यावरून उतरवून उभी राहिली.

"कुठं चाललाव गं?"

"माहेरी!"

"आनि ह्यो मागं कोन?"

"हिशेब ठेवायला आणलाय," बायको म्हणाली. बाई पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो असतो, पण माझं लक्ष मीटरवर होतं. एरवी मला त्या वाटेवर सगळ्यात जास्त आवडतो तो खंड्या, डबक्याच्या काठावर बसलेला. तो बसला असेलही. मी पाहिला नाही.

वासिंदला बारा मिनिटं मागे. तिथे पहिली विश्रांती होती. ती चपला काढून कट्ट्यावर बसली, तर मी पाचव्या मिनिटाला उठलो. "दहा मिनिटं इथे वाचवू."

"चहा?"

"शहापूरला."

"मला वाटतं मी नेहमीच्याच वेगाने चालवतेय," ती म्हणाली.

"आकडे तसं म्हणत नाहीत."

ती उठली. दहा मिनिटं वाचवूनही शहापूरला सहा मिनिटं उशीरच. तिने चहा घेतला, पण घोट घेताना चिठ्ठीकडे बघत होती, आणि चेहरा पडलेला होता. शाळेत पेपर अवघड गेल्यावर मुलीचा पडायचा तसा. मी पुन्हा उशिराचा आकडा सांगितला. सांगायची गरज नव्हती.

शहापूरच्या पुढे रस्ता टेपाडांवरून वर खाली जातो. तिथे किलोमीटरचे दगड नवे रंगवलेले आहेत. मला स्वस्थता नव्हती, म्हणून काहीतरी मोजायचं म्हणून एका दगडाशी मीटर पाहून ठेवला. पाच दगड गेले. पाच किलोमीटर. मीटर म्हणत होता चार पूर्णांक सात.

दगड आणि माझा मीटर जुळत नाहीत हे मला आधीपासून माहीत होतं. वर्षभर मी बायकोला सांगत आलो होतो की सरकारी दगड अंदाजाने रोवतात. पण एक दगड चुकेल, दोन चुकतील. पाचही दगड एकाच बाजूला, एकाच मापाने कसे चुकतील? आणि तिचा वेग तर मी दगडांवरूनच काढला होता. वेग दगडांचा आणि अंतर माझ्या मीटरचं. दोन वेगळ्या गजांनी मोजलेलं कापड मी एकाच ताक्यात लिहिलं होतं.

मग ते सूत आठवलं. पॉलिस्टरचं सूत ताणलं की लांबतं, सोडलं की आखडतं. ताणलेल्या सुताचं माप कधी घेत नाहीत, हे कारखान्यातला नवा कारागीरसुद्धा पहिल्या आठवड्यात शिकतो. मी ते चाकावर ताणून खूण केली आणि फरशीवर सैल ठेवून मोजलं. दगडांच्या हिशेबाने चाक होतं दोनशे अठराचं. प्रत्येक फेऱ्याला तेरा सेंटिमीटर मी गिळत होतो. चौसष्ट किलोमीटरची वाट अडुसष्टची होती. तिन्ही विश्रांत्या धरून तिच्या वेगाने एक वाजून तीन मिनिटांनी दारात. ती सकाळपासून एक मिनिटही हळू नव्हती.

मीटरवर पन्नास झाले होते. अकरा वाजून नऊ मिनिटं. तिसरी विश्रांती इथेच ठरली होती, एका वडाखाली चहाची टपरी आहे. मी तिला हाक मारून थांबवलं.

सांगायचं की नाही हा प्रश्न मला पडला, हे मी लिहून ठेवतो. न सांगता विश्रांती गाळली असती तर आम्ही बारा चाळीसच्या सुमारास पोचलो असतो. तिचं काम झालं असतं आणि माझी चूक कुणाला कळली नसती. पण तिचा तो पडलेला चेहरा समोर होता.

"तू हळू नव्हतीस," मी म्हणालो. "माझा मीटर खोटा आहे. सुताने मोजलं ना, तेव्हा चुकलं. वाट चार किलोमीटर जास्त आहे."

"चार अजून?"

"नाही. त्यातले तीन झाले. एक राहिला."

"म्हणजे सकाळपासून मी बरोबर चालवत होते."

"हो."

"आणि तुम्ही सकाळपासून माझ्या मागे लागला होता."

"हो. आता इथे न थांबता निघालो तर एकाच्या आत होईल. वीस मिनिटं आधी."

तिने सायकल वडाला टेकवली. चपला काढल्या. टपरीवाल्याला म्हणाली, "दोन चहा. आणि भजी काढताय ना, तीपण." मग माझ्याकडे वळून, "पंधरा मिनिटं इथली. आणि वासिंदची दहा मला परत हवीत."

"अगं, दादा गाडी काढेल."

"काढू दे."

"फोन करून थांब म्हणूया?"

"फोन केला तर म्हणेल थकली. नाही करायचा."

पंचवीस मिनिटं ती बसली. मी उभा होतो, बसलो, पुन्हा उभा राहिलो. मीटरचा घेर दोनशे अठरा केला. ती मीटरकडे बोट दाखवून म्हणाली, "वर्षभर जेवढं फिरलात ते सगळं जास्त भरलं की. खूश व्हा." मला काही खूश होता आलं नाही. वर्षभराच्या वहीतला प्रत्येक आकडा खोटा होता.

अकरा चौतीसला निघालो. ऊन चढलं होतं. डोंगर आता इतका जवळ की त्याच्या कड्यावरचे ओघळ दिसत होते. शेवटच्या सलग चढावर तिने दोनदा पाय टेकले. एक वाजला तेव्हा आम्ही चढावर होतो. एक वाजून पाच मिनिटांनी वळणावरून पिकअप उतरली. गावात पोचायला दीड किलोमीटर होता.

तिचा भाऊ उतरला. त्याने नवा सदरा घातला होता. "बाय, बस गाडीत. इथवर आलीस ते लय झाला. तोंड बघ कसं लाल हाय."

ती सायकलवरच होती, एक पाय जमिनीवर. बोलायला दम नव्हता. मला वाटलं आता ती बसेल. आणि बसली तर ते माझ्यामुळे.

दम आल्यावर ती म्हणाली, "दादा, मुराळी रिकामा परत जात न्हाय ना?"

"न्हायच जात. म्हणून तर सांगतो, बस."

"मग यांना घे."

"कोनाला? दाजींना?"

"त्यांना माहेरी ने. मी माझी येते."

तो माझ्याकडे बघून जो हसायला लागला तो पिकअपचा दरवाजा धरून. "चला दाजी. तुमची पाठवणी झाली."

माझी सायकल मागे टाकली आणि मला पुढच्या सीटवर बसवलं. ती चढ चढायला लागली. तिच्या मागे पहिल्या गिअरवर आमची गाडी. तिचा भाऊ दर वळणावर हॉर्न वाजवत होता, घरातली माणसं बाहेर यावीत म्हणून. माझे हात मांडीवर थांबत नव्हते. सीटवरून मला तिचं मागचं चाक दिसत होतं. मी फेरे मोजायला लागलो, मग सोडून दिलं.

गावाच्या पहिल्या घराशी बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या होत्या. तिने तिथे पाय टेकला नाही, थेट दाराशी जाऊन टेकला. मी पिकअपमधून उतरलो तेव्हा तिची वहिनी माझ्याही पायावर पाणी घालायला आली.

"दाजी, किती झालं किलोमीटर?" तिने विचारलं.

"अडुसष्ट," बायको माझ्या आधी म्हणाली.

माझे त्यात दीड कमी होते. ते मी वहीत तसेच लिहिले.