अर्जुनाच्या कागदावरचं नाव

'गेनभाऊ रामा कोंढरे यांचे निधन.' दीड महिन्यापूर्वी आमच्या एम.एस्सी.च्या ग्रुपवर एवढाच निरोप आला. खाली कुणीतरी विचारलं, 'हे कोण?' मीही नाव दोनदा वाचलं... आणि ओळखलं नाही. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, 'अरे, आपले लॅबमामा!' दोन वर्षं ज्यांच्याकडून शिकले, त्यांचं पूर्ण नाव मला मृत्यूच्या निरोपातून कळलं. याची लाज अजून जात नाही.

मी कासारवाडीची. बाबा चाकणच्या कंपनीत शिफ्ट करतात. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. प्रयोगशाळेत सुरुवातीला कशाला हात लावावा, हेच कळायचं नाही. तिथले मदतनीस मामा म्हणाले, "धर बिनधास्त. काच हाय, नवसाचं पोर न्हाई." माझा प्रकल्प अर्जुनाच्या सालीतून फ्लॅव्होनॉइड, म्हणजे झाडातली पिवळसर द्रव्यं, वेगळी काढण्याचा. साल वाळवून कुटायची, मिथेनॉलमध्ये मुरवायची आणि तो अर्क सिलिका भरलेल्या उभ्या काचनळीतून हळूहळू खाली उतरवायचा; एकेक द्रव्य आपापल्या चालीने सुटं होत जातं. सगळं वाट बघण्याचं काम. नळी कोरडी पडली की सिलिकाला भेग जाते आणि मेहनत वाया. मी वर्गात गेले की मामा आपला डबा घेऊन नळीसमोरच्या स्टुलावर बसत. जेवताना नजर नळीवर.

तीन महिने काहीच जुळेना. माझे मार्गदर्शक सर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझा हातच स्वच्छ नाही." मी बेसिनपाशी रडत होते, तेव्हा मामांनी बाजारातून आणलेल्या सालीच्या पोत्याच्या तळातून एक तुकडा काढला. "मास्तरीणबाई, हा अर्जुन न्हाईच. ऐन हाय, त्येचा भाऊबंद." त्याची पाठ मगरीसारखी भेगाळलेली. "अर्जुन कसा, धुतल्यावाणी गुळगुळीत." आम्ही कुणी पोत्यात नीट पाहिलंच नव्हतं, सरळ कुटायला घेतलं होतं. सर हसले, "मामा, आता पीएच.डी.च घ्या तुम्ही."

सोमवारी मामा पुनावळ्याहून, नदीकाठच्या ओळखीच्या झाडाची साल घेऊन आले. तळहाताएवढी एकच उभी पट्टी. "गोल सोलली की झाड मेलं," म्हणाले. सोबत ओळख पटवायला पानाफळांची डहाळी. त्या सालीचा अर्क नळीत घातला आणि एका दुपारी पिवळा पट्टा स्पष्ट खाली सरकला. मामा स्टुलावरून उठलेच. "लागली बघ नळीला हळद!"

ती डहाळी दाबून, वाळवून जाड कागदावर लावली. त्यावर चिठ्ठी असते: झाड कोणतं, कुठलं, आणि कुणी गोळा केलं. मी चाचरत विचारलं, "सर, इथे मामांचं नाव...?"

"पूर्ण नाव तरी माहीत आहे का तुला? माझं लिही."

मला माहीत नव्हतं. मामा तीन पावलांवर बाटल्या विसळत होते. विचारता आलं असतं... मी सरांचं नाव लिहिलं. मामांनी नळ बंद केला नाही, मान वर केली नाही.

शोकसभेत सर म्हणाले, "मामा काचसामान अगदी लखलखीत ठेवायचे." बस्स. माझं डोकं तापलं. ज्या सालीवर सरांचा शोधनिबंध उभा आहे, ती ओळखणाऱ्या माणसाची एवढीच आठवण? चीड सरांची आली, तेवढीच माझीही. लिहिणारा हात माझाच होता.

चिठ्ठी दुरुस्त करायची आहे, असं घरी सांगितलं. तोंडी परीक्षा अजून व्हायची आहे, गुण सरांच्या हातात आहेत, हे बाबांना कळतं. तरी ते म्हणाले, "लिहिणार असशील तर नाव पुरं लिही."

परवा कपाटातून तो कागद काढला. चुकीची चिठ्ठी फाडायची नसते. दुरुस्तीची नवी चिठ्ठी तिच्या शेजारी डकवून खाली आपली सही करायची, हे सरांनीच पहिल्या वर्षी शिकवलं होतं. मी तसंच केलं. 'गोळा करणारे: गेनभाऊ रामा कोंढरे, पुनावळे.' खाली माझी सही. डिंक ओला होता. तो वाळेपर्यंत मी मामांच्या स्टुलावर बसून राहिले, नजर न हलवता.