दहा रिकामी खोकी

"बाई, ही खोकी आपली नाहीत," आपटे सर म्हणाले.

शुक्रवारची दुपार होती. शाळेच्या व्हरांड्यात पुठ्ठ्याची दहा खोकी ओळीनं वाळत होती. प्रत्येकावर चारी बाजूंनी पोस्टर कलरची चित्रं. मी आपली कौतुक ऐकायच्या तयारीत उभी.

सरांनी शांतपणे समजावून सांगितलं. शाळेला दहा कॉम्प्युटर देणाऱ्या कंपनीचे साहेब उद्या कार्यक्रमाला येणार. आपण त्यांचे आभार मानणार. आणि जाताना ते ही खोकी टेम्पोत घालून परत नेणार, कारण त्यांचं ऑफिस दुसऱ्या इमारतीत हलतंय आणि सामान भरायला त्यांना खोकी लागणार आहेत. 'दहा नग, रिकामी, सुस्थितीत' असं लिहिलेल्या कागदावर सरांनी सही करून दिली होती.

"सुस्थितीतच आहेत सर. आली तेव्हा याहून वाईट दिसत होती," मी म्हणाले.

आपटे सर हसले नाहीत. ते आमचे मुख्याध्यापक. माणूस प्रामाणिक, पण वापरलेल्या पाकिटाची उलटी बाजू टिपणासाठी जपून ठेवणारा. ते एवढंच म्हणाले, "जूनचं वेळापत्रक अजून व्हायचंय, बाई."

या एका वाक्याचं वजन कळायला थोडं मागे जावं लागेल.

विश्रांतवाडीच्या आमच्या शाळेत मी अठरा वर्षं चित्रकला शिकवत होते. मला स्वतंत्र चित्रकलेची खोली होती. उत्तरेचा उजेड, नळ, रंग धुवायला मोरी. दोन हजार साल उजाडलं, सगळ्या पुण्याला कॉम्प्युटरचं वेड लागलं, आणि एका मोठ्या कंपनीनं आपले जुने कॉम्प्युटर आम्हांला दिले. ते ठेवायला कोरडी, उजेडाची आणि कुलपाची खोली हवी होती. अशी खोली शाळेत एकच होती. सोमवारी माझे बोर्ड, ब्रश आणि मी व्हरांड्यात आलो. मोरीवर फळी टाकून तिच्यावर प्रिंटर ठेवला.

एवढ्यावर भागणार नव्हतं. पुढच्या वर्षापासून चित्रकलेचे आठवड्याचे दोन्ही तास कॉम्प्युटरला द्यायचे आणि मला ग्रंथालयाचं कपाट सांभाळायला द्यायचं, असं सरांच्या मनात घोळत होतं. तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं नव्हतं, पण आमच्या स्टाफरूममध्ये स्पष्ट सांगावं लागतच नाही.

अशा परिस्थितीत मला काम काय मिळालं, तर तिसरी 'ब'च्या पन्नास मुलांकडून 'कृतज्ञता' या विषयावर सामूहिक चित्र करून घ्यायचं. सामूहिक चित्र म्हणजे सगळ्यांनी मिळून काढलेलं एकच मोठं चित्र. ते साहेबांना भेट द्यायचं. कल्पनाही सरांनीच दिली. एक झाड, बुंध्यावर कंपनीचं नाव, आणि पानोपानी 'थँक्यू'.

माझी खोली ज्यांच्यामुळे गेली त्यांच्यासाठी मी पन्नास वेळा थँक्यू काढून घ्यायचं. मला राग आला होता. आजही आठवलं की येतो.

तरी मंगळवारी तास सुरू केला. मुलांना विचारलं, कंपनीनं आपल्याला काय दिलं? कॉम्प्युटर. मग आपल्याला काय वाटतं? शेवटी प्रज्वल उठला. हा चंद्रपूरकडचा, वडील इथे कारखान्यात कामाला. म्हणाला, "मॅडम, अजून चालू कुठं केला? कुलूपच आहे ना त्याले."

खरंच होतं. धूळ बसू नये म्हणून कॉम्प्युटरवर कव्हरं आणि मुलांचे हात लागू नयेत म्हणून दाराला कुलूप. न पाहिलेल्या वस्तूबद्दल कृतज्ञ व्हायला मोठ्या माणसांनाही सराव लागतो.

मी विषय बदलला. म्हटलं, कंपनी राहू दे. तुमच्यासाठी कुणी काही करतं, तेव्हा तुम्ही घरी काय म्हणता? मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पुण्यात हा प्रश्नच चुकीचा आहे. आमच्या घरी कुणी कुणाचे आभार मानले तर समोरचा विचारतो, बरं वाटत नाही का? शेजारणीला 'थँक्यू' म्हटलं तर ती दोन दिवस बोलत नाही, की मी काय परकी आहे का.

मग कोमल उभी राहिली. कोमलचं घर जवळच्या गावातलं. ते गाव आता शहरात आलंय, शेतांवर इमारती झाल्यात, पण घरात दोन म्हशी अजून आहेत.

"आमच्यात म्हनत न्हाईत, बाई. आज्जी म्हन्ती, रिकामं भांडं माघारी द्यायचं न्हाय."

शेजारून कालवणाची वाटी आली तर ती धुऊन तशीच परत करायची नाही. साखर घालायची, दोन लाडू, काही नाही तर चार शेंगा. प्रज्वल लगेच म्हणाला, "आमच्या घरीबी तसंच करते. खाली डबा नाई देत." मग सगळा वर्ग सुरू झाला. कुणाची आई कढीपत्ता ठेवते, कुणाची मीठ सोडून काहीही. आमच्याकडेही हेच. माझ्या सासूबाई एकदा घरात काहीच नाही म्हणून पातेल्यात गूळखडा टाकून आल्या होत्या. इतकी वर्षं मी ते करत होते, पण त्याला कृतज्ञता म्हणतात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

झाड रद्द झालं. मी सांगितलं, ज्यानं तुम्हांला काही दिलं त्याचं भांडं काढा, आणि त्यात तुम्ही काय घालून परत द्याल ते काढा. मोठे कार्डशीट आले नव्हते. व्हरांड्यात कॉम्प्युटरची दहा खोकी पडली होती. पाच-पाच मुलांना एक-एक खोकं दिलं. एका खोक्यावर कागद चिकटवलेला दिसला. त्यात 'परत' असा काहीतरी शब्द होता. मी वाचला आणि मनात म्हटलं, खोकी कोण परत मागतं?

ही माझी पहिली चूक.

चित्रं मात्र फार छान झाली. रिक्षाकाकांसाठी एकीनं पातेल्यात गादी काढली होती, कारण ते पहाटेपासून मुलं सोडतात आणि त्यांची झोप होत नाही. कोमलच्या गटानं म्हशीसाठी बादलीभर पेंड काढली. दूध म्हैस देते, मग तिची बादली रिकामी कशी ठेवायची? एकानं दवाखान्यातल्या डॉक्टरांसाठी डबा काढला. आत काय आहे विचारलं तर म्हणाला, "इंजेक्शन. त्यांना पण कळू दे."

बुधवारी मी ब्रश धूत असताना प्रज्वलनं काहीतरी विचारलं. नळ दूर, पाणी बादलीतलं, हात निळे. मी "हो हो" म्हटलं. त्यानं विचारलं होतं, "मॅडम, ह्यात खरंच भरायचं का?"

ही दुसरी.

तर शुक्रवारी दुपारी सरांनी हुकूम सोडला, खोक्यांना खाकी कागदाची कव्हरं घाला. जूनमध्ये वह्यांना घालतात तशी. मी आणि शिपाईमामा संध्याकाळपर्यंत कव्हरं घालत बसलो. मामा म्हणाले, "बाई, लेबल पन लावू का? नाव, इयत्ता, तुकडी?" मी हसले, पण मला लाज वाटत होती. ज्या मुलांनी जीव ओतून काढलं त्यांचं काम मी माझ्या दोन तासांपायी झाकत होते. दहाही खोकी चारी बाजूंनी तपकिरी झाली तेव्हा व्हरांडा पोस्ट ऑफिससारखा दिसायला लागला. साहेबांना द्यायला म्हणून मी घाईघाईनं एका कागदावर सरांचं झाड काढलं. एकटीनंच. म्हणजे सामूहिक चित्रसुद्धा मीच काढलं.

शनिवारी सकाळी मी हॉलमध्ये होते. शाळेत कार्यक्रम म्हटला की फलकलेखन आणि रांगोळी चित्रकलेच्या शिक्षकाच्या गळ्यात असते. त्यामुळे व्हरांड्यात काय चाललंय ते मला दिसलं नाही. मुलं आली, त्यांनी खाकी कागद पाहिला आणि त्यांना वाटलं, बाईंनी पॅकिंग केलं. म्हणजे आता भरायचं. पन्नास मुलांनी प्रज्वलच्या सांगण्यावरून पिशव्यांतून आणलेलं सगळं भरलं आणि वरून सुतळीनं आवळून गाठी मारल्या.

कंपनीचे सबनीस साहेब आले. ॲडमिन मॅनेजर, तिशीतले, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा. ॲडमिन म्हणजे खुर्चीपासून खोक्यापर्यंत सगळ्याची जबाबदारी. त्यांनी श्रीफळ घेतलं, माझं झाड घेतलं, दोन मिनिटं भाषण केलं आणि घड्याळ पाहिलं. मग आम्ही सगळे व्हरांड्यात आलो. मुलं रांगेत उभी होती. साहेबांबरोबरच्या माणसानं यादी पाहत पहिलं खोकं उचलायला हात घातला आणि ते जागचं हललं नाही.

"रिकामी आहेत ना?" साहेबांनी विचारलं.

"अर्थात," आपटे सर म्हणाले.

त्या माणसानं ते ओढलं. बाकाचा खिळा खाकी कागदाला अडकला आणि एक अख्खी बाजू टर्रकन फाटली. आतून पेंडीची बादली आणि जांभळी म्हैस बाहेर आली. साहेबांनी सुतळी सोडली. आत भुईमुगाच्या शेंगा, पेरू, कुरडया, वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोणच्याची बाटली, अर्धा खोडरबर आणि तळाशी शेणाच्या पाच गोवऱ्या होत्या. गोवऱ्या कोमलच्या आजीनं दिल्या होत्या. थंडीत बंबाला बऱ्या पडतात म्हणून.

मी सरांकडे पाहिलं. वेळापत्रक झालं, असं मला वाटलं.

सर भराभर बोलू लागले. गैरसमज झाला, मुलं लहान आहेत, पाच मिनिटांत सगळी रिकामी करून देतो, मामा, इकडे या. मामा आले आणि त्यांनी गोवरी उचलली. तेवढ्यात रांगेतून कोमल बाहेर आली. घाबरली होती, पण सरांसमोर उभी राहिली.

"सर, रिकामी न्हाय द्यायची. त्यांचं भांडं हाय ते."

आपण बोलायला हवं होतं ते आठ वर्षांची मुलगी बोलली, हे मला कळत होतं. बुधवारी आपण कशाला 'हो हो' म्हटलं होतं, तेही आता उमगलं. मग मीही पुढे झाले आणि म्हणाले, "सर, चित्रं माझ्या तासाला काढली. भरायला हो मीच म्हटलं. कव्हरं घातली ती मात्र माझी चूक झाली."

सबनीस साहेब गोवरीकडे बघत होते. मग त्यांनी शेजारच्या खोक्याचं कव्हर सोललं आणि विचारलं, "पातेल्यात गादी कुणी काढली?" एका मुलीनं हात वर केला. त्यांनी तिला कारण विचारलं, तिनं सांगितलं. साहेबांनी उरलेली कव्हरं स्वतः सोलली. दहाही खोक्यांसमोर उकिडवे बसले. यादीवर 'रिकामी' हा शब्द खोडून 'भरलेली' लिहिलं आणि सही केली. ऑफिसचं सामान आता कशात भरणार, हे विचारायचं सरांना सुचलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. टेम्पो गेला.

सोमवारी कंपनीतून फोन आला. गेटवरच्या सिक्युरिटीनं टेम्पो अडवला होता. तिथे आत जाणाऱ्या प्रत्येक वस्तूचं नाव लिहावं लागतं, आणि गोवरी कुठल्या प्रकारात बसवायची यावर तासभर चर्चा झाली. शेवटी 'इंधन' लिहून आत सोडली. सरांनी हे मला अत्यंत गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. वेळापत्रकाबद्दल काहीच बोलले नाहीत. तो आठवडा मी ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली कुठे असते ते पाहून ठेवण्यात घालवला.

पुढच्या आठवड्यात टेम्पो पुन्हा दारात. दहा खोकी. तीच, चित्रांसकट. तळाला टेपच्या नव्या पट्ट्या मारलेल्या. आत कॉम्प्युटरचा कागद भरलेला, कडेला भोकं असलेला, लांबच लांब घडीचा, एका बाजूनं छापलेला आणि दुसऱ्या बाजूनं कोरा. वर साहेबांची चिठ्ठी होती. 'आईला विचारलं. म्हणाली, तू भांडी रिकामी पाठवू नकोस. आमच्याकडे हेच आहे. मुलांना चित्रांना होईल.'

आपटे सरांनी एक घडी उलगडली. ती व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली तरी संपेना. कोरी बाजू त्यांनी हातानं चाचपून पाहिली. एवढा कागद वाया जातोय ही कल्पना त्यांना सहन होण्यासारखी नव्हती.

"हा किती वर्षं पुरेल, बाई?"

"दोन तास असतील तर पाच-सहा वर्षं. कपाट सांभाळलं तर वाळवी लागेपर्यंत."

जूनच्या वेळापत्रकात चित्रकलेचे दोन तास राहिले. खोली काही परत मिळाली नाही. मी निवृत्त होईपर्यंत व्हरांड्यातच शिकवलं आणि बादलीतल्या पाण्यात ब्रश धुतले. कॉम्प्युटरची खोली मात्र उघडी राहू लागली, आणि प्रज्वलनं तिथे पहिल्याच दिवशी माऊसनं वाकडंतिकडं पातेलं काढलं.

कृतज्ञता पस्तीस मिनिटांच्या तासात शिकवता येत नाही, एवढं मी नव्या शिक्षकांना सांगते. मुलांना ती येत असते. आपण फक्त तिच्यावर खाकी कागद चढवू नये. आणि चिकटवलेले कागद वाचावेत.

खोकी परत आली त्या दिवशी टेम्पो गेल्यावर मी ब्रश आवरत होते. सर व्हरांड्यात त्या दहा खोक्यांपुढे बराच वेळ उभे होते. शेवटी माझ्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, आता ही परत द्यायची म्हणजे काय भरून द्यायची?"