अक्कांची विहीर आणि काळी भुकटी

मी मुळात तुसडा. जळगावच्या प्रयोगशाळेत दिवसभर माणसं पुरे होतात म्हणून एरंडोलच्या कडेला खोली घेतली, तर नेमकी खिडकीखालीच विहीर! घरमालकीण अक्का एकट्या राहायच्या, मुलगा सुरतेला. संध्याकाळी आळीतल्या बाया पाण्याला यायच्या आणि रहाटाच्या करकरीवर त्यांच्या गप्पा चढायच्या. अक्का पायरीवर बसून प्रत्येकीची खबर घ्यायच्या. मी चिडून खिडकी लावून घ्यायचो.

माझं काम पाण्यातलं शिसं काढण्याचं. केळीच्या खांबाचा कोळसा आणि लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे कण यांची मी एक काळी भुकटी बनवली होती. ती पाण्यात ढवळली की शिसं तिला चिकटतं. मग भांड्याला बाहेरून चुंबक लावायचा. भुकटी कडेला गोळा होते आणि पाणी वेगळं ओतून घेता येतं. तुलनेसाठी साधं, चांगलं पाणी हवं होतं म्हणून अक्कांच्या विहिरीचं नेलं. त्यातच शिसं निघालं. मागच्या पडीक जागेत कधीकाळी जुन्या बॅटऱ्या वितळवायचे, ते सगळं जमिनीत मुरलं होतं.

सांगणं भाग होतं. सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून एकही बाई विहिरीकडे फिरकली नाही; आळीत प्यायला विकतच्या पाण्याचे जार येऊ लागले. मला हवी होती ती शांतता मिळाली, आणि ती मला खायला उठली. अक्का मात्र वेळ झाली की पायरीवर येऊन बसायच्या.

"भाऊ, तुन्ही भुकटी टाकीसन पानी साफ व्हई ना?" त्यांनी विचारलं. "मंग बाया येतीन."

"होईल की!" मी छाती ठोकून म्हणालो. प्रयोगशाळेत झालंच होतं. पण तिथलं पाणी शुद्ध, शिसं मीच मोजून मिसळलेलं. आमच्या खानदेशातलं विहिरीचं पाणी जड, भांड्याला पांढरे थर धरणारं. शिशाच्या आधी त्यातले क्षारच भुकटीवर जागा धरून बसायचे. मी कोळसा बदलला, प्रमाण बदललं, पुन्हा पुन्हा ढवळलं. चुंबकाला भुकटी इमानदारीत चिकटायची. शिसं पाण्यातच राहायचं.

शेवटचा निकाल घेऊन आलो तेव्हा अक्का पायरीवरच होत्या. आल्या माणसाला आधी पाणी द्यायचं आणि मग बोलायचं, ही त्यांची रीत. सकाळी धुण्याभांड्यासाठी विहिरीतून काढलेली कळशी शेजारी होती. सवयीने त्यांनी तिच्यातून तांब्या भरला, माझ्या हातात दिला, आणि एकदम भानावर येऊन काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे. जारनं पानी देस," असं म्हणून त्यांनी तांब्या अंगणात रिता केला. मग विचारलं, "व्हयनं का काही?"

"नाही, अक्का."

मला फार वाईट वाटत होतं. रहाटाचा दोर कोरडा पडला होता.

"मंग तूच बैस थोडा," त्या पायरीवर सरकत म्हणाल्या. "सांग काहीतरी."

मी बसलो. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि माझ्याजवळ कोणाचीच खबर नव्हती.